चित्रांसमोर उभे राहताना

सरकारी रुग्णालयात 34 वर्षे परिचारिका म्हणून काम करून मी 58व्या वर्षी निवृत्त झाले. लहानपणी शाळेच्या सहलीत औंधच्या श्री भवानी संग्रहालयात राजा रविवर्मा यांची चित्रे पाहिली होती, ती मनातून कधी गेली नाहीत. म्हणून एका चित्रसंग्रहालयात प्रेक्षकांना माहिती सांगण्याचे काम मिळाले, तेव्हा ते आनंदाने पत्करले. जन्म वॉर्डात उभ्याने काढला, इथे काय अवघड, असे वाटले.

पण तिसऱ्याच आठवड्यात संध्याकाळी पाय जड होऊ लागले. चपलेचे पट्टे रुतत. घोट्याजवळ बोटाने दाबले की खळगा पडे. मुलगा म्हणाला, "आई, आता पुरे हा हट्ट." मीही राजीनामा लिहायला घेतला होता. आधी डॉक्टरांना दाखवले. त्यांनी रक्तदाब, लघवी व हृदय तपासले. दोष निघाला नाही; पोटरीवर फुगलेल्या निळ्या शिरा मात्र होत्या.

मग वॉर्डात पाय का सुजले नाहीत? कारण तिथे मी सतत चालत होते, इथे एका जागी उभी होते. पायातले रक्त हृदयाकडे वर चढावे लागते. चालताना पोटरीचे स्नायू आवळतात आणि शिरांतले रक्त वर ढकलतात. शिरांतील झडपा ते खाली परतू देत नाहीत. आपण स्तब्ध उभे राहिलो की हा पंप बंद पडतो, रक्त खाली साठते आणि त्यातले पाणी झिरपून सूज येते. बाळंतपणे व वय यांमुळे झडपा सैल झाल्या असतील, तर त्रास अधिक.

उपाय साधे निघाले. दर अर्ध्या तासाने मी दालनाला एक फेरी मारते. प्रेक्षक नसतील तेव्हा भिंतीला हात टेकून दहा-पंधरा वेळा टाचा वर-खाली करते. मधूनमधून स्टुलावर बसते. पातळ चपला सोडून मऊ तळाचे बूट घेतले. रात्री पंधरा-वीस मिनिटे पाय उशीवर, छातीपेक्षा उंच ठेवते. घट्ट लवचिक मोजेही उपयोगी पडतात. पण मधुमेह असल्यास किंवा पायाचा रक्तपुरवठा कमी असल्यास ते डॉक्टरांना विचारूनच घालावेत.

वाचक भगिनींनो, प्रत्येक सूज उभे राहण्याची नसते. एकच पाय अचानक सुजला, दुखू लागला, गरम लागला, तर शिरेत गुठळी असू शकते. त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. सोबत धाप किंवा छातीत दुखणे असेल, तर तडक रुग्णालयात जा. सकाळीही सूज उतरत नसेल किंवा चेहरा सुजत असेल, तर हृदय व मूत्रपिंड तपासून घ्या. अॅम्लोडिपिनसारख्या रक्तदाबाच्या गोळ्यांनीही घोटे सुजतात. मात्र गोळी परस्पर बंद करू नका.

औंधचे ते संग्रहालय 1938 साली उभारणारे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी सूर्यनमस्काराचे मोठे पुरस्कर्ते होते. चित्रांची आवड आणि शरीराची हालचाल त्यांनी एकत्र सांभाळली. मलाही तेच करायचे होते. राजीनाम्याचा कागद मी फाडून टाकला, त्याला आता दोन वर्षे झाली.