दीडशे दिव्यांची माळ

मी कला शाखेचा विद्यार्थी. विजेशी माझा संबंध बटण दाबण्यापुरता! परंतु यंदाच्या स्नेहसंमेलनातील आमच्या एकांकिकेच्या शेवटी नदीत दिवे सोडण्याचा प्रसंग होता आणि प्रकाशयोजना माझ्या गळ्यात पडली. दिवे एकामागून एक वाहत जायला हवेत, म्हणून पाच मीटरची, १५० दिव्यांची एलईडी पट्टी आणली. प्रोग्रॅम लिहून दिला विज्ञान शाखेच्या द्वितीय वर्षातील एका मुलीने.

ही पट्टी म्हणजे लग्नमंडपातली साधी माळ नव्हे. डब्ल्यूएस २८१२बी जातीच्या या पट्टीत प्रत्येक दिव्याच्या पोटात एक चिमुकली चिप असते. मायक्रोकंट्रोलर एकाच तारेवरून सेकंदाला आठ लाख बिट या वेगाने रंगांचे आकडे पाठवतो. हिरवा, तांबडा व निळा यांचे आठ-आठ, असे दर दिव्याचे २४ बिट. पंगतीत पत्रावळींची चळत सरकते आणि जो तो आपली एक काढून उरलेली पुढे देतो, तसाच हा प्रकार. मधला एक जण झोपला की पुढचे सारे उपाशी!

रंगीत तालमीच्या रात्री पट्टी मुळी पेटेचना. पट्टीवर बारीक बाण छापलेले असतात. मी तार बाणाच्या शेवटच्या टोकाला जोडली होती. ती फिरवली, तर दिवे वेड्यासारखे लुकलुकू लागले. मी सर्वांदेखत त्या मुलीवर ओरडलो, "तुझा प्रोग्रॅमच चुकला आहे!" ती शांतपणे म्हणाली, "दादा, आधी ग्राउंड जोडलंय का बघा."

जोडले नव्हते. मायक्रोकंट्रोलरला वीज लॅपटॉपची, पट्टीला अॅडॅप्टरची. विजेचा दाब म्हणजे दोन बिंदूंमधला फरक. एकाने जोत्यापासून उंची मोजली, दुसऱ्याने रस्त्यापासून, तर मापे जुळणार कशी? दोन्हींचे ग्राउंड एका तारेने जोडताच नदी वाहू लागली.

मग पांढरा रंग लावला, तर शेवटचे दिवे तांबूस! हिशेब केला : पूर्ण पांढरा असताना एक दिवा सुमारे ६० मिलिअँपिअर घेतो, १५० दिव्यांचे ९ अँपिअर. अॅडॅप्टर १० अँपिअरचा होता, पण पट्टीतला तांब्याचा पातळ थर वाटेतच दाब खातो. मीटर लावला, सुरुवातीला ५ व्होल्ट, शेवटी चारच्याही खाली. निळ्या दिव्याला तांबड्यापेक्षा जास्त दाब लागतो, म्हणून आधी निळा मंदावतो. अॅडॅप्टरच्या जाड तारा दुसऱ्या टोकालाही नेल्या आणि प्रोग्रॅममध्ये उजेड निम्म्यावर आणला.

तरीही मधूनच सारी पट्टी थरथरे. आमचा ईएसपी ३२ संदेश पाठवतो ३.३ व्होल्टचा, ५ व्होल्टवरच्या दिव्याला तो निदान ३.५ चा हवा. कधी ऐकू येई, कधी नाही. यावर खरा उपाय ७४एएचसीटी१२५ ही दाब वाढवणारी चिप. पण रात्री दहाला दुकान कुठले उघडे? प्रयोगशाळेतल्या काकांनी डबा धुंडाळून एक डायोड काढला. पहिला दिवा कापून, फक्त त्याच्या धन तारेत डायोड डाग देऊन बसवला. डायोड ०.७ व्होल्ट खातो, दिव्याला ४.३ उरतात, म्हणून त्याला ३ व्होल्टचा संदेशही पुरतो आणि पुढच्याला तो ४.३ चा खणखणीत संदेश देतो. पहिल्या दिव्याने कमी जेवून पंगत सांभाळली! थरथर थांबली.

दुसऱ्या दिवशी प्रयोगात दीडशे दिवे संथपणे वाहत गेले. प्रेक्षागृह स्तब्ध होते. पडदा पडल्यावर मी त्या मुलीची सर्वांदेखतच माफी मागितली. ओरडलो होतो सर्वांदेखत, माफी कोपऱ्यात कशी मागणार? प्रोग्रॅममधील एक ओळही चुकली नव्हती.

मित्रहो, असे काम अंगावर आले तर बाण, ग्राउंड, वीज, संदेश या क्रमाने पाहा. एका वेळी एकच गोष्ट बदला. आणि माणसाला दोष द्यायचा तो सगळ्यात शेवटी.