शाब्दिक उदाहरण : वाचनाचा तास आणि गणिताचा तास यांच्या सीमेवरील संहिता

प्राथमिक शाळेतील वरच्या वर्गांचे, म्हणजे चौथी-पाचवीचे, साप्ताहिक वेळापत्रक पाहिले असता भाषेचे तास आणि गणिताचे तास यांच्यामध्ये एक ठळक रेषा आखलेली दिसते. वाचनाच्या तासाला गोष्ट, कविता किंवा उतारा असतो. गणिताच्या तासाला रीत, सराव आणि उदाहरणसंग्रह असतो. मूल्यमापनातही हीच विभागणी कायम राहते. ग्रामीण भारतातील मुलांच्या शिक्षणाची पाहणी करणाऱ्या ‘असर’ या उपक्रमात २००५ पासून वाचनासाठी एक कागद आणि अंकगणितासाठी दुसरा कागद मुलापुढे ठेवला जातो. २०२४ च्या पाहणीत पाचवीतील निम्म्याहून कमी मुलांना दुसरीच्या पातळीचा उतारा वाचता आला आणि एकतृतीयांशाहून कमी मुलांना भागाकार करता आला. या दोन निष्कर्षांची चर्चाही बहुधा स्वतंत्रपणेच होते.

मात्र या दोन तासांच्या सीमेवर एक अशी संहिता उभी असते, जिला कोणत्याही तासाने पूर्णपणे आपले मानलेले नाही. ती म्हणजे शाब्दिक उदाहरण. भाषेचा शिक्षक तिला गणित समजून सोडून देतो. गणिताचा शिक्षक तिच्यातील भाषा मुलाला येतेच असे गृहीत धरतो. शाब्दिक उदाहरण हा स्वतःचे संकेत असलेला एक लेखनप्रकार आहे, ते संकेत वाचायला शिकवावे लागतात आणि तसे न शिकवल्यास वाचनातील उणीव गणितातील उणीव म्हणून मुलाच्या नावावर चढते, हे प्रस्तुत लेखात स्पष्ट करण्याचा हेतू आहे.

एका जुन्या लेखनप्रकाराची परंपरा

शाब्दिक उदाहरणाला दीर्घ इतिहास आहे. इसवी सनापूर्वी सुमारे १५५० च्या इजिप्तमधील ऱ्हिंड पपायरसमध्ये घरे, मांजरे आणि उंदीर यांची सातपटीने वाढत जाणारी मोजणी आढळते. युरोपात आठव्या-नवव्या शतकांच्या संधिकाळातील अल्क्विनच्या नावावर असलेल्या कूटसंग्रहात लांडगा, बकरी आणि कोबी यांना नदीपार नेण्याचा प्रसिद्ध प्रश्न येतो. भारतीय परंपरेत या प्रकाराचा सर्वांत संपन्न आविष्कार म्हणून भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’कडे (११५०) पाहता येते. भुंग्यांचा थवा, मोडलेला बांबू, मोर आणि साप ही तेथील उदाहरणांची सामग्री संस्कृत काव्याच्या परिचित संभारातूनच आलेली आहे. शिवाय अनेक उदाहरणे एका श्रोत्रीला उद्देशून मांडलेली आहेत. त्यामुळे तेथे वाचणारी व्यक्ती संहितेबाहेर राहत नाही. तिला संबोधले जाते, तिच्या बुद्धीला आवाहन केले जाते.

भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने मठ स्थापन केल्याची नोंद चाळीसगावजवळच्या पाटण येथील तेराव्या शतकाच्या आरंभीच्या शिलालेखात आहे. या संस्कृत लेखाचा काही भाग जुन्या मराठीत आहे, ही बाब मराठीच्या अभ्यासकांना परिचित आहे. पुढे १५८७ मध्ये अकबराच्या दरबारातील फैजीने ‘लीलावती’चा फारसी अनुवाद केला. भास्कराचार्यांच्या कन्येचा विवाहमुहूर्त टळल्याची सुपरिचित आख्यायिका मूळ ग्रंथात नाही. ती या अनुवादाच्या प्रस्तावनेतून प्रसृत झाली. गणिताचा ग्रंथ एका भाषेतून दुसऱ्या भाषेत जाताना त्याला कथेची चौकट लाभावी, ही घटना तौलनिक अभ्यासाच्या दृष्टीने अर्थपूर्ण आहे. गणन आणि कथन यांची फारकत ही प्राचीन वस्तुस्थिती नसून शालेय वेळापत्रकाची निर्मिती आहे, असे या परंपरेवरून म्हणता येईल.

कप्तानाचे वय : वाचनाचा विपरीत संकेत

कोणत्याही लेखनप्रकाराचे संकेत वाचक नकळत आत्मसात करतो. शाब्दिक उदाहरणाच्या बाबतीत मूल कोणते संकेत आत्मसात करते, याचा उलगडा फ्रान्समधील एका प्रसंगाने केला. त्याची मुळे साहित्यात आहेत. गुस्ताव्ह फ्लोबेर याने तरुणपणी, १८४० च्या दशकात, आपल्या बहिणीला लिहिलेल्या पत्रात एक विडंबनात्मक उदाहरण घातले होते. जहाज कोठून निघाले, त्यावर कोणता माल आहे, प्रवासी किती, वारा कोणत्या दिशेचा, असा तपशील देऊन शेवटी त्याने कप्तानाचे वय विचारले होते. पाठ्यपुस्तकी उदाहरणाच्या शैलीची ती थट्टा होती.

१९८० च्या सुमारास ग्रनोबल येथील गणितशिक्षणाच्या संशोधकांनी ही थट्टा प्रत्यक्ष वर्गात नेली. जहाजावर २६ मेंढ्या आणि १० शेळ्या आहेत, तर कप्तानाचे वय काय, असा प्रश्न सुमारे सात ते नऊ वर्षे वयाच्या ९७ मुलांना विचारण्यात आला. त्यांपैकी ७६ मुलांनी दिलेल्या संख्या वापरून उत्तर काढले. स्टेला बारूक यांनी १९८५ मध्ये याच प्रश्नाचे नाव दिलेल्या ग्रंथात या घटनेचा विस्तृत परामर्श घेतला.

ही मुले निर्बुद्ध नव्हती. प्रत्येक प्रश्नाला उत्तर असतेच, दिलेल्या सर्व संख्या वापरायच्याच असतात आणि सांगितलेल्या हकिकतीशी आपला संबंध नसतो, हे संकेत त्यांनी शाळेतूनच उचलले होते. वाचनाच्या तासाला त्याच मुलांकडून नेमके उलट अपेक्षिले जाते : कोण बोलते आहे, काय घडले, काय सांगितलेले नाही, याचा शोध. एकाच आठवड्यात, एकाच वर्गात, मुलाला वाचनाच्या दोन परस्परविरोधी रीती शिकवल्या जातात, हा या प्रयोगाचा खरा निष्कर्ष होय.

मराठी उदाहरणाची वाक्यरचना

या लेखनप्रकाराची अडचण केवळ संकेतांची नाही. ती भाषेच्या घडणीतही आहे. ‘रमाकडे सीमापेक्षा ५ पेन्सिली जास्त आहेत. रमाकडे १२ पेन्सिली आहेत. सीमाकडे किती?’ हे उदाहरण घ्यावे. येथे ‘जास्त’ हा शब्द बेरजेकडे खुणावतो, पण करावयाची असते वजाबाकी. शब्दाची खूण आणि क्रिया परस्परविरुद्ध असली की चुका वाढतात, हे ल्युइस आणि मेयर यांनी १९८७ मध्ये इंग्रजी उदाहरणांच्या आधारे दाखवले होते. ‘जास्त म्हणजे बेरीज, कमी म्हणजे वजाबाकी’ अशी जी गुरुकिल्ली वर्गात दिली जाते, ती येथे मुलाला नेमकी फसवते. ‘पेक्षा’ हा प्रत्यय कोणाला लागला आहे, हे पाहणे म्हणजे व्याकरण पाहणे होय.

हडसन यांनी १९८३ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग याहून बोलका आहे. चित्रात काही पक्षी आणि त्यांहून कमी अळ्या दाखवून ‘अळ्यांपेक्षा पक्षी किती जास्त?’ असे विचारले असता बालवाडीतील २५ टक्के आणि पहिलीतील ६४ टक्के मुलांनी बरोबर उत्तरे दिली. तेच चित्र दाखवून, पक्षी अळ्या पकडायला धावले तर किती पक्ष्यांना अळी मिळणार नाही, असे विचारताच ही प्रमाणे अनुक्रमे ९६ आणि १०० टक्के झाली. संख्या त्याच, क्रियाही तीच. बदलले ते केवळ कथन. तुलनेचे वाक्य घटनेच्या वाक्यात रूपांतरित झाले आणि मुलाला मार्ग सापडला.

मराठीत ‘प्रत्येकी’ हा एकच शब्द गुणाकाराचा भार वाहतो. ‘पाच मुलांना चार लाडू दिले’ आणि ‘पाच मुलांना प्रत्येकी चार लाडू दिले’ या दोन वाक्यांत लाडवांची संख्या चारावरून वीस होते. बोलीत हीच गोष्ट ‘चार-चार लाडू’ अशी द्विरुक्तीने सांगितली जाते. अंकाची अशी द्विरुक्ती अनेक भारतीय भाषांत आढळते. मुलाला ती घरी परिचित असते. ‘प्रत्येकी’ मात्र पुस्तकात भेटते. दोन्ही रूपे फळ्यावर शेजारी-शेजारी लिहिण्याने जे साधते, ते गुणाकाराच्या अधिक सरावाने साधत नाही.

संख्येचे नावही वाचावेच लागते

वाचनाचा प्रश्न संख्येच्या नावापासूनच सुरू होतो. ६३ लिहिताना सहा आधी येतो. ‘त्रेसष्ट’ म्हणताना तीन आधी येतो. कन्नडमधील ‘अरवत्तमूरु’ किंवा तेलुगूमधील ‘अरवै मूडु’ या नावांत साठ आधी आणि तीन नंतर, म्हणजे लेखनाचाच क्रम राहतो. बेळगावसारख्या सीमाभागात मराठी माध्यमातून शिकणाऱ्या मुलाच्या कानावर हे दोन्ही क्रम पडत असतात.

बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक, वीस दोन’ अशा वाचनाचा पर्याय आल्यावर २०१९ मध्ये महाराष्ट्रात मोठा वाद झाला. विधिमंडळातही त्याचे पडसाद उमटले. गणित समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर यांनी जोडाक्षरांची अडचण आणि उलटा क्रम यांकडे लक्ष वेधून या पर्यायाचे समर्थन केले होते. रूढ नावे रद्द केलेली नव्हती. तरीही भाषेचे वैभव जाईल, ही भीती प्रबळ ठरली. या वादात एक पक्ष भाषेचा आणि दुसरा गणिताचा, अशी विभागणी झाली. परंतु ज्या मुलाला ‘त्रेपन्न’ ऐकून ३५ लिहावेसे वाटते, त्याच्यापुढील प्रश्न एकाच वेळी दोन्हींचा असतो.

आठवड्याची एकसंध मांडणी

दोन तासांमधील रेषा पुसण्याचे प्रयत्न भारतात झालेले आहेत. मध्य प्रदेशात एकलव्य संस्थेच्या ‘प्राशिका’ कार्यक्रमातील ‘खुशी-खुशी’ या पुस्तकमालेने भाषा, गणित आणि परिसर यांना एकत्र आणले. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यानंतर एनसीईआरटीने काढलेल्या गणिताच्या प्राथमिक पुस्तकांत विटांची बांधणी, भोपाळची सहल, मासेमारी अशा विषयांभोवती पूर्ण पाठ गुंफले गेले. २०२३ ते २०२५ या काळात त्यांची जागा नव्या पुस्तकांनी घेतली. २०२१ मध्ये सुरू झालेल्या ‘निपुण भारत’ अभियानाच्या नावातच समजपूर्वक वाचन आणि संख्याज्ञान एकत्र उच्चारलेले आहेत. महाराष्ट्राच्या शिष्यवृत्ती परीक्षेतही प्रथम भाषा आणि गणित यांची मिळून एकच प्रश्नपत्रिका असते. तथापि एकत्र छापणे आणि एकत्र वाचणे या भिन्न गोष्टी आहेत. त्यासाठी पुस्तक बदलण्यापेक्षा आठवड्याची आखणी बदलणे अधिक उपयुक्त ठरू शकते.

पाचवीच्या वर्गासाठी पुढील उदाहरण कल्पावे : ‘एका दुकानदाराने १५ डझन केळी आणली. त्यांपैकी २० केळी खराब निघाली. उरलेली केळी त्याने प्रत्येकी ८ केळ्यांच्या फण्या करून विकली. तर एकूण फण्या किती?’ आकडेमोड सोपी आहे : १८० मधून २० वजा, १६० भागिले ८, उत्तर २०. पण संहिता तितकी सोपी नाही. डझन म्हणजे बारा, ही माहिती संहितेत नाही. ती वाचकाने आणायची आहे. ‘त्यांपैकी’ हे सर्वनाम डझनांकडे नव्हे, केळ्यांकडे निर्देश करते. ‘उरलेली’ या विशेषणात एक अख्खी वजाबाकी दडलेली आहे आणि तिचे उत्तर कोठेही लिहिलेले नाही. ‘एकूण’ हा शब्द बेरजेचा आभास निर्माण करतो. प्रत्यक्षात भागाकार करायचा आहे.

असे एकच उदाहरण आठवडाभर वर्गात ठेवता येते. पहिल्या दिवशी संख्या काढून ते वाचनाच्या तासाला वाचावे : काही केळी आणली, काही खराब निघाली, उरलेल्यांच्या फण्या केल्या. काय घडले, आधी काय, नंतर काय, एवढेच विचारावे. दुसऱ्या दिवशी मुलांनी ती हकिकत आपल्या घरच्या बोलीत सांगावी किंवा चित्रातून मांडावी. तिसऱ्या दिवशी, गणिताच्या तासाला, संख्या परत येतात आणि आकडेमोड होते. चौथ्या दिवशी प्रश्न तोच ठेवून माहितीतील एक वाक्य काढून टाकावे आणि आता उत्तर निघेल का, हे विचारावे. कप्तानाच्या वयावरचा उतारा तो हाच. पाचव्या दिवशी मुलांनी स्वतः उदाहरणे रचून एकमेकांना वाचायला द्यावीत. लिहिताना ‘त्यांपैकी’ गाळले तर वाचणाऱ्याचे काय होते, हे तेव्हा आपोआप उमगते. प्रश्न समजून घेणे ही पहिली पायरी, असे जॉर्ज पोल्या यांनी १९४५ च्या आपल्या प्रसिद्ध पुस्तकात मांडले होते; येथे त्या पायरीला आठवड्यातील दोन दिवस मिळतात.

अशा मांडणीत उदाहरणांची संख्या घटते, हा आक्षेप रास्त आहे. रीत पक्की होण्यासाठी सराव लागतोच. पाढ्यांना पर्याय नाही. म्हणून ही मांडणी सरावाच्या जागी नव्हे, तर सरावासोबत, आठवड्याला एका उदाहरणापुरती कल्पिलेली आहे.

नोंदवहीतील शेरा

या चर्चेचे महत्त्व सर्वाधिक आहे ते ज्या मुलांची घरची भाषा पाठ्यपुस्तकाची भाषा नाही, त्यांच्यासाठी. मेळघाटातील कोरकू बोलणारे मूल, नंदुरबारमधील भिली-पावरी बोलणारे मूल किंवा महाराष्ट्राबाहेर मराठी माध्यमात शिकणारे मूल बाजारात पैशांचा हिशेब बिनचूक करू शकते आणि तरी शाब्दिक उदाहरणात अडते. तेव्हा नोंदवहीत ‘गणितात कच्चा’ असा शेरा पडतो आणि पुढील वर्गात त्याला अधिक आकडेमोड दिली जाते. औषध चुकीच्या दुखण्यावर चालू राहते.

साहित्याच्या अभ्यासकांनी कथा, कविता आणि कादंबरी यांच्या वाचनप्रक्रियेचा सूक्ष्म विचार केलेला आहे. परंतु शाळेत गेलेला प्रत्येक जण ज्या लेखनप्रकाराचा वाचक होतो आणि ज्याच्या वाचनावर त्याचे पुढील शिक्षण अवलंबून असते, त्या तीन-चार ओळींच्या संहितेकडे त्यांचे लक्ष क्वचितच गेले आहे. सर्वनामाचा निर्देश, गाळलेली माहिती, गृहीत वाचक, बोली आणि प्रमाणभाषा यांतील अंतर हे सारे त्यांच्याच अभ्यासाचे विषय आहेत. ही साधने पाचवीच्या वर्गापर्यंत पोहोचली तर शेरा लिहिण्यापूर्वी शिक्षक एक प्रश्न अधिक विचारू शकेल : मुलाला वजाबाकी आली नाही, की ‘उरलेली’ हा शब्द वाचता आला नाही?