एका पायरीचे अंतर

मध्यंतरी उज्जैनला जाण्याचा योग आला. शिंद्यांच्या त्या जुन्या राजधानीत पिढ्यान्‌पिढ्या स्थायिक झालेली मराठी घरे आजही आहेत. त्यांपैकीच एका स्नेह्यांकडे आमचा मुक्काम होता. महाकालाचे दर्शन घेऊन परतल्यावर घरातील पंधरा वर्षांच्या मुलाने आम्हांस एका बाजूला गाठून विचारले, "काका, शर्यतीचा ड्रायव्हर व्हायचं तर कुठं जावं लागतं?" संपादकाला सर्व काही ठाऊक असते, अशी त्या बिचाऱ्याची समजूत असावी. उत्तराची जुळवाजुळव करताना आम्हांस मुंबईच्या जेहान दारूवालाचे स्मरण झाले.

हे नाव आमच्या किती वाचकांस परिचित असेल याची आम्हांस शंका आहे, आणि त्याचा दोष वाचकांकडे नाही. फॉर्म्युला वनमध्ये नारायण कार्तिकेयन २००५ साली आणि करुण चंढोक २०१० साली उतरले, तेव्हा वृत्तपत्रांनी रकानेच्या रकाने भरले. जेहान तेथवर पोहोचला नाही, म्हणून त्याच्या वाट्याला कोपऱ्यातील चार ओळी आल्या. आमच्या पत्रानेही याहून वेगळे काही केले नाही.

जेहानचा जन्म १९९८ सालचा. २०११ मध्ये फोर्स इंडिया संघाने देशभरातून होतकरू चालक शोधले, तेव्हा निवडल्या गेलेल्या तिघांत हा मुलगा होता. पुढे इंग्लंडात कार्टिंग, मग फॉर्म्युला रेनॉ, मग फॉर्म्युला थ्री अशा पायऱ्या तो चढत गेला. २०१७ मध्ये त्याने न्यूझीलंड ग्रां प्री जिंकली. २०१९ साली फॉर्म्युला थ्रीच्या जागतिक मालिकेत तो तिसरा आला. त्यानंतर फॉर्म्युला टू, म्हणजे शिखराखालची अखेरची पायरी.

या पायरीचे वैशिष्ट्य असे की, तेथे सर्वांच्या गाड्या एकाच बनावटीच्या, इंजिने एकाच कारखान्याची आणि टायरही एकाच कंपनीचे असतात. उरतो तो चालकाच्या हातांचा आणि गाडी सिद्ध करणाऱ्या संघाचा फरक. ६ डिसेंबर २०२० रोजी बहारीनच्या साखीर येथे जेहानने तेथील शर्यत जिंकली. फॉर्म्युला टूमध्ये भारतीयाने मिळविलेला तो पहिला विजय होता. मिक शूमाखरने मोसमाचे अजिंक्यपद निश्चित केले तेही त्याच दिवशी, आणि साहजिकच जगाचे कॅमेरे त्याच्याकडे वळले. जेहानच्याच संघातील युकी त्सुनोदा त्या मोसमात तिसरा आला व लगेच फॉर्म्युला वनमध्ये गेला. जेहान बारावा होता. यात अन्याय झाला, असे आम्ही म्हणणार नाही. परंतु पुढील तीन मोसम तो त्याच पायरीवर झुंजत राहिला, एकंदर चार शर्यती जिंकला, २०२२ मध्ये मॅक्लारेनची फॉर्म्युला वन गाडी चाचणीत चालवून आला, आणि दार उघडले नाही. २०२४ चा मोसम त्याने विजेवर धावणाऱ्या फॉर्म्युला ईच्या गाडीत काढला.

पद्माकर शिवलकरांना कसोटीची टोपी कधीच मिळाली नाही. त्यांना अयशस्वी म्हणण्याची मुंबईत कोणाची छाती होती? क्रिकेटमध्ये रणजीचे मोल जाणणारे आपण मोटारींच्या शर्यतीत मात्र शिखराखालचे काहीच मोजत नाही. आज बंगळूरचा कुश मैनी त्याच पायऱ्या चढतो आहे. २०२५ मध्ये मोनॅकोच्या अरुंद रस्त्यांवर त्याने फॉर्म्युला टूची शर्यत जिंकली. किती जणांनी त्याची दखल घेतली?

दुसरी गोष्ट पैशाची. एका मोसमाला कोट्यवधी रुपये लागतात. जेहानच्या घरी उद्योगाचे पाठबळ होते, म्हणून त्याच्या गुणांना परदेशी जाता आले. ज्यांच्या घरी ते नाही, त्यांचे गुण देशातच तपासले जावेत अशी सोय किती? ग्रेटर नोएडातील भव्य ट्रॅकवर २०११ ते २०१३ अशी तीन वर्षे ग्रां प्री झाली आणि करांच्या वादात ती गेली. आमच्या किनारपट्टीवर किंवा माळव्यात कायमचा असा ट्रॅकच नाही. चालक घडविण्याचे काम आजही प्रामुख्याने दक्षिणेत चालते.

त्या मुलाला आम्ही चेन्नई आणि कोइमतूर ही दोन नावे सांगितली. उज्जैनहून चेन्नईला जाणाऱ्या गाडीचे वेळापत्रक त्याने वहीत आधीच उतरवून ठेवले होते. वडिलांना अजून सांगितले नव्हते.