आठ माणसे आणि एक व्हॅन

बेलापूर म्हटले की पुण्यामुंबईच्या पाहुण्यांना नवी मुंबईचे बेलापूर आठवते. आमचे बेलापूर ते नव्हे. हे अहिल्यानगर जिल्ह्यातले, श्रीरामपूर तालुक्यातले, प्रवरेच्या काठचे. गंमत अशी, की बेलापूर नावाचे रेल्वेस्टेशन गावात नाहीच. ते उभे राहिले श्रीरामपुरात. आपल्याच नावाच्या स्टेशनावर जायलाही बेलापूरकराला वाहन लागते! तेव्हा कोणती गाडी घ्यावी, हा वाद इथल्या घराघरांत होतो. आमच्या घरी तो व्हॅनवरून झाला आणि चांगला दोन वर्षे पुरला.

घरात माणसे आठ. आई, आम्ही उभयता, आमची दोन मुले, धाकटा भाऊ, त्याची बायको आणि मुलगी. भावाच्या मोटारीत बसतात पाच. कुठे जायचे ठरले, की उरलेल्या तिघांचा प्रश्न. आणि त्या तिघांत आईचा नंबर पहिला. "मी थांबते घरी, दूध यायचंय," असे ती इतक्या सहजपणे म्हणते, की पुढे बोलणेच खुंटते.

व्हॅनशी आमच्या जिल्ह्याचे नाते जुने आहे. नगरचे वकील कुंदनमल फिरोदिया 1946 ते 1952 या काळात मुंबई विधानसभेचे सभापती होते. त्यांचे चिरंजीव नवलमल यांच्या पुढाकाराने 1958 साली हँबर्गच्या टेंपो कारखान्याच्या सहकार्याने 'बजाज टेंपो' ही कंपनी निघाली. तिचा तीनचाकी टेंपो इतका चालला, की विशेषनामाचे सामान्यनाम कसे होते हे शिकवताना मला दुसरे उदाहरण शोधावे लागत नाही. 1969 मध्ये तिची मॅटाडोर आली. सांगाडा कारखान्याचा आणि देह ज्याच्या त्याच्या गरजेचा! तीच मॅटाडोर कुठे रुग्णवाहिका झाली, कुठे शाळेची गाडी, कुठे वऱ्हाडाची, आणि गणपतीत चित्ररथसुद्धा.

पुढे 1984 मध्ये मारुती व्हॅन आली. तीच नंतरची ओम्नी. इंजिन अवघे 796 सी.सी., दार बाजूला सरकणारे, आणि बैठक अशा उंचीची, की म्हाताऱ्या माणसाने खुर्चीत बसावे तसे बसावे. जीपगाड्यांत चढायचे म्हणजे गुडघ्यांची परीक्षा. त्यामुळे आईचे मत ओम्नीला. पण इंजिन पुढच्या बैठकीखाली, आणि चालकाच्या गुडघ्यांपुढे पत्र्याखेरीज फारसे काही नाही. नव्या सुरक्षानियमांच्या काळात, 2019 साली, तिचे उत्पादन थांबले. 2010 साली आलेल्या ईकोच्या एअरबॅग नसलेल्या गाडीला 2016 च्या ग्लोबल एन्कॅपच्या धडक-चाचणीत शून्य तारे मिळाले होते, हे मी जेवताना वाचून दाखवले, तेव्हा पंगतीत शांतता पसरली.

भावाचे डोके निराळ्याच दिशेने चालले होते. जुनी व्हॅन घ्यायची, आतल्या बैठका काढायच्या, समोरासमोर बाके बसवायची, पडदे लावायचे. मोठ्या शहरांत इनोव्हाच्या पोटात आरामखुर्च्या अन् टी.व्ही. बसवून देणारे कारागीर आहेत. त्यांची चित्रे तो रोज दाखवी. परंतु कारखान्याच्या मूळ रचनेशी विसंगत ठरेल असा बदल गाडीत करता येत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये दिला आहे. शिवाय आडव्या बाकावर बसलेल्या पोराला धक्क्यात सावरायचे कोणी?

मी मराठीचा माणूस असलो तरी हिशेब मांडला. आठहीजण मिळून वर्षातून किती दिवस बाहेर पडतो? चौदा. बाकीचे दिवस स्कूटर पुरते. तेव्हा भाड्याची गाडी स्वस्त, हे शेंबड्या पोरालाही कळावे. ज्ञानेश्वरी जिथे सांगितली गेली त्या नेवाशाला जायला मी भाड्याची गाडी ठरवलीसुद्धा. आई नाही म्हणाली. पुन्हा दूध!

उलगडा केला सौभाग्यवतींनी. "अहो, त्यांना तासातासाला उतरावं लागतं. परक्या ड्रायव्हरला कितीदा 'थांब' म्हणायचं? आणि भावजींच्या गाडीत तरी सगळ्यांना किती खोळंबून ठेवायचं, म्हणून त्या तिथंही नको म्हणतात."

माझ्या हिशेबाच्या वहीत या गोष्टीला रकानाच नव्हता. आईने हे मला कधी सांगितले नसते, आणि मीही तिला कधी विचारले नसते.

आम्ही गाडी घेतली. वापरलेली मराझो, आठजणांची, नाशकात तयार झालेली. 2018 च्या चाचणीत तिला प्रौढांच्या सुरक्षिततेसाठी चार तारे मिळाले होते. भावाची मोटार विकून निम्मे पैसे उभे राहिले. पाटी पांढरी, एम.एच. 17. पांढऱ्या पाटीची गाडी भाड्याने देता येत नाही, हे शेजाऱ्यांना आम्ही पहिल्याच दिवशी सांगून टाकले. पुढची कटुता टळली. दारे मात्र सरकती नाहीत आणि पायरी अंमळ उंच. तेव्हा श्रीरामपूरच्या एका मिस्त्रीकडून मधल्या दाराशी पाय ठेवायला एक पट्टी आणि आत धरायला एक दांडी बसवून घेतली. भावाच्या साऱ्या बेतांपैकी तेवढाच उरला. दांडी उन्हात तापते, म्हणून आईने तिला जुन्या लुगड्याचा काठ गुंडाळला आहे.