मांजराची नखे : किती कापावीत आणि का?

मांडीवर शांत बसलेल्या मांजराची नखे दिसतही नाहीत. पण ते उडी मारू लागले, की तीच नखे आपल्या कातडीत रुततात. एवढ्याशा नखाने ओरखडा कसा उठतो?

थोडे गणित करू. समजा, नखाच्या टोकाचे क्षेत्रफळ ०.०१ चौरस मिलिमीटर आहे व त्यावर १०० ग्रॅम भार पडला. दाब म्हणजे भार भागिले क्षेत्रफळ. म्हणजे दर चौरस मिलिमीटरला १० किलोग्रॅम भार झाला! आता टोक कापून तेथे १ चौरस मिलिमीटरचा सपाट भाग केला, तर क्षेत्रफळ शंभरपट होते आणि दाब शंभरावा हिस्सा उरतो. यावरून ध्यानात येईल, की नख पुष्कळ कापण्याची गरजच नाही. अणकुचीदार टोक गेले, की काम झाले.

जास्त कापणे धोक्याचेही आहे. नखाचे बाहेरचे आवरण केराटिनचे असते. तेथे रक्त नाही, वेदनाही नाही. पण मुळाकडे आत रक्तवाहिन्या व मज्जातंतू असलेला जिवंत गाभा असतो. नख उजेडात धरले, तर हा गाभा गुलाबी दिसतो. त्याच्या पुढे सुमारे २ मिलिमीटर जागा सोडून कापावे. नख काळपट असून गाभा दिसत नसेल, तर फक्त आकड्यासारखे वळलेले टोक काढावे.

मांजर नखे 'आत ओढून घेते' असे आपण म्हणतो. वस्तुतः विश्रांतीच्या स्थितीत ती आतच असतात. बोटाच्या शेवटच्या हाडाला लवचीक अस्थिबंध स्प्रिंगप्रमाणे मागे धरून ठेवतात. स्नायूंनी कंडरा ओढली, की ते हाड तरफेसारखे फिरून नख बाहेर येते. आपण बोट वरून व खालच्या गादीकडून हलकेच दाबले, तरी हेच घडते.

जेवणानंतर मांजर सुस्तावले, की घरातल्या मोठ्या माणसाला सोबत घेऊन बसा. एकाने मांजर धरावे, दुसऱ्याने कापावे. हत्यार धारदार हवे. बोथट हत्याराने नख चेपून चिरते. मांजराचे नख दोन्ही बाजूंनी चपटे असते. म्हणून कात्रीची पाती नखाच्या वर व खाली येतील अशी धरा. एका बैठकीत दोनतीनच नखे झाली तरी चालेल. बहुतेक मांजरांना पुढच्या पायांना पाचपाच व मागच्यांना चारचार, अशी १८ नखे असतात. पुढच्या पायाचे आतल्या बाजूचे नख जमिनीला टेकत नाही. म्हाताऱ्या मांजरात ते वळत जाऊन गादीतच घुसू शकते, म्हणून ते आवर्जून पाहावे.

चुकून रक्त आले, तर स्वच्छ कापूस काही मिनिटे दाबून धरा. थोडे कॉर्नफ्लॉवर लावले तरी चालते. रक्त थांबले नाही, तर पशुवैद्याकडे जा. तुम्हाला ओरखडा उठला किंवा मांजर चावले, तर जखम साबण व वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुवा आणि लगेच डॉक्टरांना दाखवा. रेबीज मांजरांमार्फतही होऊ शकतो.

बाहेर हिंडणाऱ्या मांजराची नखे मात्र कापू नयेत. कुत्रा मागे लागला, की झाडावर चढायला तीच उपयोगी पडतात.

काही देशांत नखांचा त्रास कायमचा मिटवण्यासाठी शस्त्रक्रिया करीत. नख हाडालाच जोडलेले असल्याने तीत प्रत्येक बोटाचे शेवटचे हाड कापावे लागते. माणसाच्या बोटाचे पेर तोडण्यासारखेच हे आहे. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्याने २०१९ साली या शस्त्रक्रियेवर बंदी घातली. जे काम दोन-तीन आठवड्यांनी टोक कापून भागते, त्यासाठी हाड कशाला तोडायचे?

नखे कापली तरी मांजर खाजवणे सोडणार नाही. खाजवताना नखाचे जुने बाह्य कवच गळून पडते आणि आतले नवे टोक उघडे होते. लाकडाला गोणपाट गुंडाळून त्याला द्या. काही दिवसांनी तेथे पोकळ, वाकडी टरफले सापडतील. ती भिंगाखाली पाहा : केराटिनचे थर स्पष्ट दिसतील.