काटोलचा दगड आणि वाटेतले तारे

२२ मे २०१२. दुपारी दोनच्या सुमारास नागपूरजवळच्या काटोलच्या आभाळात कडाडून आवाज झाला आणि दगड पडले. याच दगडांत २०२१ साली आयआयटी खरगपूरच्या संशोधकांना ब्रिजमनाइट सापडलं. पृथ्वीच्या पोटात शेकडो किलोमीटर खोल असणारं हे खनिज आपल्याला काटोलच्या शेतशिवारात आभाळातून मिळालं!

पडेपर्यंत मात्र हा पाहुणा कुणालाच दिसला नव्हता. आदळण्याआधी दुर्बिणीला सापडलेला लघुग्रह तोवर जगात एकच होता.

असा दगड हेरणं अवघड आहेच, पण त्याची जागा मोजणं अधिक किचकट. फोटोत तो एक फिकट ठिपका. चालता चालता तो एखाद्या ताऱ्याला खेटतो, दोघांचा उजेड मिसळतो. मग ठिपक्याचा मध्य ताऱ्याकडे ओढला जातो, तेजही फुगतं. कक्षा मांडताना ही केसाएवढी चूक पुढे हजारो किलोमीटरची होऊ शकते.

यावरचा उपाय वजाबाकीचा. आकाशाच्या त्याच तुकड्याचा जुना फोटो नव्यातून वजा करायचा. तारे जातात, चालणारा उरतो. पण आज हवेमुळे तारे पसरट आले असतील, तर जुना फोटोही तेवढाच पुसट करून घ्यावा लागतो. नाहीतर प्रत्येक ताऱ्याच्या जागी काळं-पांढरं कडं उरतं. ठिपका नेमका ठळक ताऱ्यावरच असेल, तर तो फोटो सोडून थोडं थांबणंच शहाणपणाचं.

अमेरिकेतल्या पालोमार वेधशाळेच्या झ्विकी सर्वेक्षणात अशी वजाबाकी रोज होते. ऑगस्ट २०२० मध्ये त्यातल्याच एका फोटोत, वेगाने सरकणाऱ्या ठिपक्याच्या रेघेवर आयआयटी मुंबईच्या कुणाल देशमुख आणि क्रिती शर्मा यांची नजर थांबली. तो होता २०२० क्यूजी. मोटारीएवढा हा लघुग्रह काही तासांपूर्वीच पृथ्वीपासून अवघ्या २,९५० किलोमीटरवरून निसटला होता.

लडाखमधल्या हानले इथली ७० सेंटिमीटरची ग्रोथ-इंडिया दुर्बीण उलटी युक्ती वापरते. ती लघुग्रहाच्या चालीने चालते. तो ठिपका राहतो, ताऱ्यांच्या रेघा होतात. आता अडचण अशी, की जागा मोजायची तर ताऱ्यांवरूनच! रेघेचा मध्य कुठे धरायचा? त्यासाठी क्रिती शर्मा आणि सहकाऱ्यांनी ‘अ‍ॅस्ट्रीक्स’ ही संगणकप्रणाली घडवली. तिच्यावरचा शोधनिबंध २०२३ साली प्रसिद्ध झाला. अडथळा आणि मोजपट्टी एकच असण्याचा हा पेच तिने फार सुंदर सोडवला आहे.

आणि आदळण्याआधी दिसलेला तो तोवरचा एकमेव लघुग्रह? २००८ टीसी३. आदळण्याच्या सुमारे वीस तास आधी तो सापडला. अनेक वेधशाळांनी ताऱ्यांमधली त्याची जागा पुन्हा पुन्हा मोजली आणि सुदानच्या वाळवंटावर बोट ठेवलं. २००८च्या ७ ऑक्टोबरला तो तिथेच फुटला. डिसेंबरात खार्टूम विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी ओळीने चालत वाळूतून त्याचे काळे तुकडे वेचले.