खोक्यातलं खेळणं फुकट नसतं

आम्ही रे रोडच्या बायका आज तुमच्याशी एका एवढ्याशा खेळण्याबद्दल बोलणार आहोत. बर्गरच्या दुकानात मुलांच्या जेवणाबरोबर रंगीत खोक्यात मिळतं ना, त्याबद्दल.

आमच्या गटातली एक मैत्रीण घरी साड्यांना फॉल-पिको करते. तिच्या आठ वर्षांच्या मुलाला मोबाइलवरच्या गेममधली सगळी पात्रं तोंडपाठ. त्याच पात्रांची सहा खेळणी एका दुकानात आली. पहिल्या रविवारी ती हौसेने त्याला घेऊन गेली. दुसऱ्या रविवारी त्याने हट्ट केला म्हणून गेली. तिसऱ्या रविवारी खोक्यातून पुन्हा तेच खेळणं निघालं, जे घरी आधीच होतं. पोरगं भोकाड पसरून रडलं, बर्गर अर्धा तसाच राहिला. ती आम्हाला म्हणाली, ‘‘किती साड्यांची मजुरी गेली, त्याचा हिशोबच करवत नाही गं. आणि पोराचं पोटही भरलं नाही.’’

मग आम्ही सगळ्यांनी मिळून तो हिशोब केला. घरातला ल्युडोचा फासा घ्या. सहाही आकडे एकेकदा पडेपर्यंत टाकत राहा. सहा वेळात काम होईल असं वाटतं, पण होत नाही. पहिले आकडे भराभर येतात, शेवटचा एक मात्र येता येत नाही. सरासरी काढली, तर जवळजवळ पंधरा वेळा फासा टाकावा लागतो. बंद खोक्यातल्या सहा खेळण्यांचंही तसंच. आत काय आहे ते दिसत नसेल आणि सगळी खेळणी सारखीच वाटली जात असतील, तर पूर्ण संच जमायला सरासरी पंधरा खोकी लागतात. एक खोकं दोनशे रुपयांचं धरलं, तरी तीन हजार रुपये झाले. शिवाय मूल एकटं जात नाही. बरोबर आई असते, धाकटी बहीण असते, ट्रेनचं तिकीट असतं. ‘फुकट’ खेळण्याचे पैसे असे आपल्याच पाकिटातून जातात.

हे आजचं नाही. अमेरिकेत मॅकडोनाल्ड्सने मुलांसाठी खेळण्याचं खोकं १९७९ साली सुरू केलं. १९९० मध्ये त्यात व्हिडिओ गेममधला मारिओ आला. आपल्यातल्या काहीजणींना टीव्हीला जोडायचा गेम आणि त्याची पिवळी कॅसेट आठवत असेल. टोपी आणि मिशा असलेला, उड्या मारणारा मारिओ तो हाच. यात दोघांचाही फायदा असतो. गेमवाल्यांची जाहिरात होते, आणि दुकानात मुलांच्या पाठोपाठ अख्खं घर येतं. आपल्याकडे चिप्सच्या पुडीत पोकेमॉनच्या टॅझो निघायच्या, तीही हीच युक्ती. चिप्स मागे राहायचे आणि टॅझोसाठी भांडणं व्हायची.

जपानमध्ये तर ऑगस्ट २०२५ मध्ये कहरच झाला. मॅकडोनाल्ड्सच्या मुलांच्या जेवणाबरोबर पोकेमॉनची पत्ती मिळणार होती. लोकांनी ढिगाने खोकी घेतली, पत्ती काढून महाग विकायला ठेवली आणि अन्न तसंच टाकून दिलं. शेवटी कंपनीला माफी मागावी लागली. अन्नासोबत खेळणं द्यायचं ठरलं होतं. तिथे खेळण्यासाठी अन्न फेकलं गेलं.

पैसे गेले तर परत कमावता येतात. पण एक गोष्ट ऐकून आमच्या अंगावर काटा आला. १९९९ साली अमेरिकेत बर्गर किंगने पोकेमॉनचा प्लास्टिकचा चेंडू दिला होता. त्याचे दोन भाग सुटे व्हायचे. तेरा महिन्यांच्या एका मुलीच्या नाकातोंडावर त्यातला अर्धा भाग घट्ट बसला आणि ती गुदमरून गेली. त्यानंतर अडीच कोटींहून जास्त चेंडू परत मागवले. चेंडू परत देणाऱ्याला बदल्यात काय, तर बटाट्याच्या तळलेल्या काड्या! खेळणं मोठ्या भावासाठी आणलेलं असतं, पण घरात रांगणारं बाळही असतं, हे विसरू नका. दिवा लागणारं किंवा आवाज करणारं खेळणं असेल, तर आतली बटणाएवढी बॅटरी बघा. ती बाळाने गिळली तर दोन तासांत अन्ननलिका आतून भाजू शकते. असं झाल्याची शंका जरी आली, तरी वाट न बघता हॉस्पिटल गाठा.

आपल्या हातात काय आहे, ते आता सांगतो. १ जानेवारी २०२१ पासून आपल्या देशात चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांवर आयएसआयची खूण सक्तीची आहे. ती शोधा, दिसली नाही तर दुकानात विचारा. मुलांना भेटवस्तूचं आमिष दाखवून गरज नसलेली वस्तू घ्यायला लावणारी जाहिरात करू नये, असं केंद्र सरकारच्या जून २०२२ च्या नियमांत म्हटलं आहे. तशी जाहिरात दिसली, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ या नंबरवर फोन करा. मराठीतही बोलता येतं.

आणि घरातलं ठरवणं घरातच होऊ दे. निघण्यापूर्वीच सांगा, ‘महिन्यातून एकदाच जायचं, आणि जे निघेल ते आपलं.’ काउंटरवर रांगेत उभं राहून सांगितलेलं मुलाच्या कानात शिरत नाही. एकसारखी दोन खेळणी आली, तर शेजारच्या मुलांशी अदलाबदल होऊ द्या. पंधरा खोकी एका घराने घेण्यापेक्षा चाळीतल्या पाचजणांत संच लवकर जमतो.

राहता राहिला प्रश्न जुन्या खेळण्यांचा. आमच्या दारुखान्यात अख्खी जहाजं तोडून भंगारात विकली जातात. लोखंड, तांबं, लाकूड, सगळ्याला भाव आहे. आमची मैत्रीण रद्दीबरोबर ही खेळणीही घेऊन गेली. भंगारवाल्याने रद्दी तोलली आणि खेळणी बाजूला सारली. म्हणाला, ‘‘ताई, रंग, स्क्रू, रबर, सगळं मिसळलंय. याला भाव नाही.’’

ती खेळणी पिशवीत तशीच परत आली. घरी आल्यावर तिने मुलाला फासा दिला आणि सहाही आकडे पाडून दाखवायला सांगितलं. सतराव्यांदा चौका पडला आणि सहा आकडे पूर्ण झाले. तो थोडा वेळ बोटांवर काहीतरी मोजत बसला, मग म्हणाला, ‘‘आई, सतरा रविवार?’’

तुम्हीही आज घरी फासा टाकून बघा, आणि मुलांनाच मोजू द्या. किती वेळा टाकावा लागला, ते आम्हाला जरूर कळवा.